नाव कुणाचं, आवाज कुणाचा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा भाचा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, मला इंडस्ट्रीत जायचंय." मी म्हणालो, "अरे, तू आहेसच की इंडस्ट्रीत. रात्रपाळीला मग कोण जातं?" आमच्या मालेगावात इंडस्ट्री म्हटलं की आधी यंत्रमाग डोळ्यांपुढे येतात. दिवसरात्र खटखट चाललेली, फक्त जुम्याच्या दिवशी शांत होणारी. तो हसला आणि म्हणाला, "ती नाही मामू. म्युझिक इंडस्ट्री."

हा मुलगा आठ वर्षांचा असल्यापासून नात पढतो. नात म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची रचना. मिलादच्या जलशात, लग्नाघरी, मोहल्ल्याच्या मैफलीत लोक त्याला आवर्जून बोलावतात. नातीला साथीची वाद्यं नसतात. नुसता गळा आणि शब्द. समोर हजार माणसं बसलेली असतात आणि त्यातली निम्मी ती रचना पाठ असणारी. शब्द चुकला तर पहिल्या रांगेतले बुजुर्ग लगेच मान वर करतात. अशा शाळेत तो तेरा वर्षं शिकला. आता एकवीस वर्षांचा आहे. कुणीतरी त्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पाहिला आणि मुंबईच्या एका स्टुडिओतून फोन आला. आवाज आवडला, म्हणाले. मराठी येतं का? माझ्याच हट्टापायी तो मराठी शाळेत शिकलेला. येतं, म्हणाला. मग भक्तिगीतं गाशील का? देवीची, विठ्ठलाची? आणि एक छोटीशी अट. नाव बदलावं लागेल. कव्हरवर दुसरं नाव टाकू. लोकांना चालत नाही.

त्यानं खिशातून करारनाम्याचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी मराठीत लिहितो, म्हणून मराठीचा कुठलाही कागद आमच्या खानदानात शेवटी माझ्यापुढेच येतो, मग तो वीजबिलाचा असो की कोर्टाच्या समन्सचा.

मागोमाग माझी धाकटी बहीण आणि तिचे शोहर आले. मेहुणे पाच वक्त नमाजी, सरळ माणूस. ते म्हणाले, "भाईजान, ज्या गळ्यातून नात निघते त्या गळ्यातून बाजारासाठी गाणं निघावं का? तुम्ही शायर आहात. तुम्हीच सांगा."

श्रोतेहो, हा प्रश्न आमच्या घरातला असला तरी तो फार जुना आहे, आणि फक्त आमचा नाही. जगात जिथे जिथे प्रार्थनेच्या जागी माणसं गायला शिकली, तिथे तिथे एखाद्या बापानं तो विचारलेला आहे. मी त्या दिवशी मेहुण्यांना जे सांगितलं, ते आज तुम्हाला सांगतो. आणि जे सांगितलं नव्हतं, तेही.

पहिली गोष्ट प्रल्हाद शिंदे यांची. पंढरीच्या वाटेवरची त्यांची गाणी ऐकली नाहीत असं मराठी घर सापडणं कठीण. आषाढीला त्यांचा आवाज कानावर आला नाही तर एकादशी झाल्यासारखी वाटत नाही. त्यांचा जन्म १९३३चा, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचा. संत चोखोबांचं हे गाव. घरी कमालीची गरिबी. आईवडील भजन-कीर्तनात गाणारे, आणि त्यांच्याबरोबर हा धाकटा मुलगाही गायचा. गाणं ही त्या घरची भक्तीही होती आणि भाकरीही. हे दोन्ही वेगळं काढावं असं त्या माउलीला कधी वाटलं नसेल, कारण वेगळं काढायला घरात दुसरं काही नव्हतंच.

पुढे प्रल्हाद मुंबईला आले आणि उभे राहिले ते कव्वालीच्या कोरसमध्ये. इस्माईल आझाद यांच्या पार्टीत. हे तेच इस्माईल आझाद, ज्यांची १९५८च्या 'अल हिलाल' चित्रपटातली कव्वाली देशभर गाजली. आता विचार करा. कीर्तनात तयार झालेला गळा कव्वालाच्या मागे बसून टाळ्या देत, ओळ उचलत शिकतो आहे. कव्वालीत मुख्य गायक ओळ सोडतो त्या क्षणी कोरसनं ती झेलायची असते. थोडी आधी नाही, थोडी नंतर नाही. शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ पोहोचला पाहिजे. हे शिक्षण घेऊन तो गळा परत विठ्ठलाकडे आला. प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांत सुरुवातीला जी उंच हाक येते ना, ती ऐकताना मला नेहमी कव्वालीची बैठक आठवते. त्याच गळ्यानं त्यांनी भीमगीतंही गायली आणि गावोगाव कव्वालीचे मुकाबलेही केले. २००४ साली ते गेले. मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श, असं ते गाणं पुढे चालू राहिलं.

मी मेहुण्यांना म्हणालो, "या माणसाला विठ्ठलाच्या दारी जाताना कव्वालीची वाट आड आली नाही. उलट तीच वाट तिथे घेऊन गेली."

मेहुणे म्हणाले, "पण त्यांनी नाव नाही बदललं, भाईजान."

मी गप्प बसलो. मग दुसरी गोष्ट सांगितली.

गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासून चर्चला जोडलेल्या शाळा असत. तिथे मुलांना प्रार्थनेसाठी स्वरलिपी वाचायला शिकवत, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. मजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्या परंपरेतले. वडील चर्चमध्ये गायकवृंद शिकवत. हा मुलगा १९४३ साली, सोळाव्या वर्षी, मुंबईत आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. लखनौच्या नौशादमियांची चाल, आणि ती कागदावर स्वरलिपीत वाचून वाजवणारा मजोर्ड्याच्या चर्चमधला मुलगा. गोव्यातल्या अशा अनेक वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचा घाट दिला. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यातली आणखी दोन मोठी नावं. पण त्या काळात पडद्यावर नाव यायचं संगीतकाराचं. गाण्यातला जो व्हायोलिनचा तुकडा आपण आयुष्यभर गुणगुणतो, तो कुणी लिहिला हे आपल्याला ठाऊकही नसायचं.

अँथनी सरांकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा पुढे मोठा झाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' चित्रपट आला, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचं नाव नायकाला देववलं. त्या गाण्यात अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येतात आणि स्वतःचं नाव सांगतात, ते नाव एका खऱ्या माणसाचं होतं. सारा देश ते नाव गात होता आणि हा कुणी खराखुरा माणूस आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. सर तेव्हा सिनेमापासून दूर गेलेले होते. २०१२ साली गोव्यातच त्यांचं निधन झालं. म्हणजे ज्यांच्या कामावर नाव कधी लागलं नाही, त्यांचं नावच गाणं झालं. शिष्य चांगला निघाला म्हणून. सगळ्यांनाच प्यारेलाल भेटत नाहीत.

तिसरी गोष्ट जरा लांबची, अमेरिकेतली. तिकडे कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जी भक्तिगीतं गातात, त्यांना गॉस्पेल म्हणतात. सॅम कुक हा त्यांचा लाडका तरुण गायक. धर्मोपदेशकाचा मुलगा. १९५० साली 'सोल स्टिरर्स' या नामवंत भजनमंडळात गेला आणि चर्चमध्ये त्याच्यासाठी गर्दी होऊ लागली. मग त्याला प्रेमगीत गायचा मोह झाला. पण चर्चचे लोक रागावतील ही भीती. म्हणून १९५६मध्ये त्यानं आपल्याच एका भक्तिगीताची चाल घेऊन केलेलं प्रेमगीत ध्वनिमुद्रित केलं आणि तबकडीवर नाव घातलं डेल कुक. लोकांनी ऐकलं आणि पटकन ओळखलं, हा तर आपला सॅम! नाव बदलता आलं, गळा कसा बदलणार? पुढच्याच वर्षी त्यानं स्वतःच्या नावानं गाणं काढलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यानं स्वतःची प्रकाशनसंस्था आणि स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. आपलं गाणं आपल्या मालकीचं असावं, हे त्या काळात कृष्णवर्णीय गायकाला सुचणं आणि जमणं दोन्ही दुर्मीळ होतं.

तिकडचीच अरेथा फ्रँकलिन. वडील धर्मोपदेशक, चौदाव्या वर्षी तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेही वडिलांच्या चर्चमध्ये. मग ती बाजारात गेली, सम्राज्ञी झाली. आणि १९७२ साली लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री बसून पुन्हा भक्तिगीतं गायली. ती तबकडी तिच्या सगळ्यात जास्त खपलेल्या तबकड्यांपैकी एक ठरली. गेलेला गळा परत येऊ शकतो, एवढंच मला मेहुण्यांना सांगायचं होतं.

मेहुणे ऐकत होते. बहीण चहा करायला आत गेली. आणि मग मी करारनामा वाचायला घेतला. वाचता वाचता माझा हात थांबला, कारण तसा एक कागद मी पूर्वी पाहिला होता. त्यावर माझी सही होती.

श्रोतेहो, हे मी आजवर कुठे सांगितलेलं नाही.

१९९४ साल असेल. मी नुकताच बी.ए. झालो होतो, नोकरी नव्हती, कविता मात्र भरपूर होत्या. मराठी मैफलीत गेलो की लोक म्हणत, "वा, तुमचं मराठी किती छान आहे हो!" जणू मी परदेशातून आलोय. आणि आमच्या गल्लीतल्या मुशायऱ्यात म्हणत, "मियाँ, कविता ठीक आहे, पण उर्दूत कधी लिहिणार?" अशा दिवसांत एका कॅसेटवाल्यानं मला देवीची तीन गाणी लिहायला सांगितली. त्या वेळी कॅसेटचा जमाना होता. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला गाणी खूप खपत. खानदेशातून पायी निघालेले भाविक भगवे झेंडे घेऊन आमच्या मालेगावावरून वणीच्या गडाकडे जातात. लहानपणापासून मी त्यांना बघत आलोय. आमच्या अम्मी उन्हातल्या त्या बायांना पाणी द्यायच्या. ती चित्रं माझ्याजवळ होती. मी तीन गाणी लिहिली, तीनशे रुपये घेतले, छापील कागदावर सही केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. तीनशे रुपये समोर असताना कोण वाचतं?

कॅसेट आली. कव्हरवर गायकाचं नाव होतं. आणि खाली लिहिलं होतं, "गीत : पारंपरिक". चोविसाव्या वर्षी मी पारंपरिक झालो होतो.

राग आला का? आला. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली सुटकाही वाटली. नाव छापलं असतं तर इकडच्या लोकांनी विचारलं असतं, तिकडच्यांनीही विचारलं असतं. नाव नव्हतं म्हणून दोन्हीकडून वाचलो. त्या चैत्रात यात्रेकरूंची एक जीप आमच्या दारावरून गेली. टपावर कर्णा, आणि कर्ण्यातून माझं गाणं. बाया त्या गाण्यावर ताल धरून चालत होत्या. मी दारात उभा होतो, अगदी हातभर अंतरावर, आणि एकालाही सांगू शकत नव्हतो की बाबांनो, हे मी लिहिलंय. ती जीप वळणाआड गेली तरी मी उभाच होतो.

तेव्हा मला कायदा ठाऊक नव्हता. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात तेव्हाही लिहिलेलं होतं की लेखकानं हक्क विकून टाकले तरी "हे मी लिहिलं" असं सांगण्याचा त्याचा अधिकार संपत नाही. म्हणजे तीनशे रुपयांत गाणी गेली होती, नाव गेलं नव्हतं. मीच ते मागायला गेलो नाही.

गायकाची गोष्ट आणखी अवघड होती. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा मोहम्मद रफी यांचं मत वेगळं होतं. गायलो, मेहनताना घेतला, विषय संपला, असं त्या साध्या माणसाला वाटत होतं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. पुढे समेट झाला, पण प्रश्न राहिला. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी भांडून बाजू मांडली. आता गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कराराच्या एका सहीनं काढून घेता येत नाही. आपल्या गायनाचा व्यापारी वापर झाला तर गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांचा धरतात. आणि गायक म्हणून आपली ओळख सांगितली जावी हा अधिकारही त्या दुरुस्तीनं दिला. ज्या तरुण श्रोत्यांना स्टुडिओतून फोन येतात, त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. मुदत किती, गाणी किती, पैसे एकदाच की वाटा, आणि नाव कुणाचं. हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पेन उघडू नये.

भाच्याच्या कागदावर मुदतीची जागा होती, तिथे लिहिलं होतं "कायमस्वरूपी". रक्कम एकदाच. नावाच्या रकान्यात एक परकं नाव आधीच टाईप केलेलं.

मग मी त्यांना माझ्या तीन गाण्यांची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, मेहुणे उठून जातील. बहीण चहाचे कप ठेवत म्हणाली, "मला ठाऊक होतं, भाई."

"कसं?"

"त्यातल्या एका गाण्यात देवी लेकरांसाठी कांडी भरत बसलीय. देवीला कांडी भरायला तुझ्याशिवाय कोण बसवणार? तेव्हाच ओळखलं. ती आपली अम्मी होती."

श्रोतेहो, आमच्या अम्मीनं आयुष्यभर घरी बसून मागाच्या कांड्या भरल्या. मी ते गाण्यात लिहिलं होतं हेही विसरून गेलो होतो. तीस वर्षं मी समजत होतो की ते गाणं निनावी आहे. ते माझ्याच घरात ओळखलं गेलं होतं, आणि बहिणीनं माझी अडचण जाणून तोंड बंद ठेवलं होतं. चहा निवत होता. कुणी बोललं नाही.

शेवटी मेहुणे बोलले. मुलाकडे बघून, हळू आवाजात. "तू ते गाणं गावंस हे मला पटत नाही. आजही नाही, उद्याही पटणार नाही. ते माझं आणि अल्लाहचं आहे, त्यात मी खोटं बोलणार नाही. पण तू एकवीस वर्षांचा आहेस. गायचंच ठरवलंस तर नाव बदलून गाऊ नकोस. ते नाव मी ठेवलंय. तुझ्या कानात अजान दिल्यानंतर ठेवलंय."

त्या घरात त्या दिवशी सगळ्यांत ठाम माणूस तोच निघाला, ज्याचा गाण्यालाच विरोध होता. मी उदार विचारांचा, कवी, बी.ए. झालेला. पण नावाच्या बाबतीत मी चोविसाव्या वर्षी जे करू शकलो नाही, ते त्यांनी एका वाक्यात केलं.

भाच्यानं दुसऱ्या दिवशी स्टुडिओला फोन केला. म्हणाला, गाईन, देवीचंही गाईन, जीव ओतून गाईन. मुदत लिहा, वाटा लिहा, आणि माझं नाव माझंच ठेवा. तिकडून उत्तर आलं, कळवतो.

अजून कळवलेलं नाही. कदाचित कळवणारही नाहीत. अशा फोनची वाट बघणारी पोरं गावोगाव आहेत. आमच्या मालेगावच्या पोरांनी तर मुंबई बोलावत नाही म्हणून आपल्याच गल्ल्यांत 'मालेगाव के शोले' बनवला होता, आणि त्यांच्या धडपडीवर पुढे मुंबईवाल्यांनीच सिनेमा काढला, २०२५ साली तो पडद्यावर आला. त्यामुळे आम्ही उमेद सोडत नाही. भाचा अजून रात्रपाळीला जातो. मागाच्या खटखटीत गाता येतं का, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "मामू, तिथेच तर आवाज मोठा झाला."

आणि मी? मी ती तीन गाणी पुन्हा वहीत लिहून काढली, आठवतील तशी. एका गाण्याचं शेवटचं कडवं आठवेना. बहिणीला विचारलं, तिला पाठ होतं. खाली मी माझं नाव लिहिलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

येत्या चैत्रात यात्रेकरू आमच्या दारावरून जातील, तेव्हा पाणी द्यायला मी उभा असेन. आणि कुणाच्या जीपवर ते गाणं चुकून लागलंच, तर यावेळी सांगणार आहे.